सर्व्हिस बिलात धरली आहे

बोटवाल्यांच्या टेबलावर कुणी टीप ठेवली, की ते ती बशीतून उचलून गिऱ्हाइकाच्या मागे जायचे. दारापाशी, पायरीवर, कधी तर पार रस्त्यावर टांग्याशी त्याला गाठायचे आणि अदबीनं विचारायचे, "साहेब, हे कशाबद्दल?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. सोलापुरात स्टेशनकडच्या आमच्या हॉटेलात जेवायला येणारी माणसं म्हणजे सुताचे एजंट, चादरींचे व्यापारी, कोर्टाच्या कामाला आलेले दुधनीकडचे लोक. चार आणे कशाबद्दल ठेवले, हे त्यांनी कधी स्वतःलाही विचारलेलं नसायचं. एखादा म्हणायचा, "ठेवा हो, असंच." "असंच असेल तर राहू द्या," असं म्हणून बोटवाले नाणं त्याच्या तळहातावर परत ठेवायचे. पण एखाद्यानं थांबून, आठवून सांगितलं, की आमटी गरम होती, किंवा माझ्या म्हाताऱ्या वडिलांना तुम्ही भाकरी कुस्करून दिलीत, तर ते जरासे वाकायचे आणि नाणं खिशात टाकायचे. मग उरलेला दिवस त्यांचा खुशीत जायचा.

मी वैरागहून येऊन त्या हॉटेलात वेटर म्हणून लागलो तेव्हा ते तिथं जुने झाले होते. त्यांचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही. गिरणीकामगाराचा हा मुलगा तरुणपणी मुंबईला पळाला आणि आफ्रिका-विलायतेला जाणाऱ्या पॅसेंजर बोटींवर स्टुअर्ड झाला. म्हणजे तिथला वेटरच, पण जेवण वाढण्यापासून केबिन झाडण्यापर्यंत सगळं करणारा. पुढं लोक विमानानं जायला लागले, कंपनीनं बोटी काढून टाकल्या आणि हे गावी परतले. लग्न केलेलं नव्हतं. आईवडील गेलेले. एक बहीण बार्शीला दिलेली. हॉटेलच्या जिन्याखाली एक खोली होती, तिच्यात ते राहायचे.

जमिनीवर येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातली बोट गेली नव्हती. पाय फाकवून चालायचे. चहाचा कप कधी काठोकाठ भरायचे नाहीत, पाऊणच भरायचे आणि गिऱ्हाइकानं तक्रार केली तर म्हणायचे, "हलली तर सांडेल." काय हलणार होतं कुणास ठाऊक. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा पितळी बटणांचा पांढरा कोट घालायचे, आणि राइस प्लेट लागली की हॉटेलच्या वरच्या लॉजच्या बोळातून, बोटीवर जेवणाची वर्दी देतात तशी, पितळी थाळी हळूच वाजवत फिरायचे. सगळ्यात कहर म्हणजे टेबलावर चादर अंथरली की तिच्यावर पाण्याचा हबका मारायचे. ओल्या कापडावरून ताटं घसरत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. आमचे मालक, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गल्ल्यावरून बघत असायचे.

"काय हो बोटवाले," अण्णा म्हणायचे, "पाणी काय तुमच्या समुद्रातनं आणलंय काय? हितं नळाला एक दिवसाआड पाणी येतंय की."

"ताटं घसरतात, अण्णा."

"माझं हॉटेल कुटं चाललंय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा हबका.

आम्ही वेटर त्यांना हसायचो, पण मागून. समोर सगळे 'मामा' म्हणायचे. तेही आम्हाला नावानं हाक मारायचे नाहीत, गावावरून मारायचे. मी 'वैरागकर', आणि नरसय्या तेवढा 'नरसय्या', कारण त्याचं गाव सोलापूरच. नरसय्या विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. मागावर बसून छाती भरून येते म्हणून हॉटेलात आला होता. वेटर म्हणून तो आम्हा सगळ्यांत उजवा. कुठल्या एजंटाला लिंबाचं लोणचं लागतं, कुणाला शेंगाचटणी दह्यात कालवून लागते, सगळं त्याला पाठ. त्याच्या टेबलावर टीप पडायची ती आम्हा बाकीच्यांची मिळून होईल तेवढी. तो ती कधी आमच्यासमोर काढायचा नाही. संध्याकाळी घरी जाताना दूध आणि अंडी घ्यायचा. मी त्याच्याच गल्लीत पोटभाडेकरू होतो, म्हणून मला माहीत होतं ते कुणासाठी. त्याच्या बायकोला क्षय होता. इंजेक्शनं फुकट मिळायची. दूध आणि अंडी फुकट मिळत नव्हती.

एका वर्षी एक भांडण झालं आणि त्यातून पुढचं सगळं झालं. पंख्याखालचं टेबल कुणाचं यावरून दोन वेटरांची जुंपली. पंख्याखाली मोठी गिऱ्हाइकं बसायची. एकानं दुसऱ्याचा शर्ट टरकावला, भातवाढीचा चमचा फेकला, आणि ते सगळं एका व्यापाऱ्याच्या कुटुंबासमोर.

दुपारची जेवणं उरकल्यावर बोटवाल्यांनी आम्हाला मोरीमागच्या पडवीत बसवलं. भांडी घासणाऱ्या दोघी बायकांनाही बोलावलं. त्या दाराशी टेकून उभ्या राहिल्या, आपल्याला कशाला बोलावलंय ते त्यांना कळेना.

"बोटीवर एक बाई होती," बोटवाले म्हणाले. "म्हातारी. निघाल्यापासून तिला बोट लागली. अन्न ठरेना. मी तिचं घमेलं धुवायचो, तोंड पुसायचो, चमच्यानं पेज पाजायचो. बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी पॅसेंजर लोक टिपांची पाकिटं वाटतात, स्टुअर्डांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडीपाशी आली आणि पाकीट दिलं ते माझ्या शेजारच्या पोराला. त्यानं तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण तो दारात उभा होता आणि हसला होता."

"मग तुमी सांगितलं नाही का?" मी विचारलं.

"काय सांगणार? तिनं माझं तोंडच कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं तोच मी. पुढं मी दुसऱ्या बोटीवर गेलो. तिथं टीप नव्हती. तिकिटातच सर्व्हिस म्हणून रक्कम धरलेली असायची. पॅसेंजर आधीच भरून यायचा. ती कंपनी सगळ्यांत वाटायची, कपडे धुणाऱ्यांनासुद्धा. त्या बोटीवर मी पहिल्यांदा पॅसेंजरच्या डोळ्यांत बघून गुड मॉर्निंग म्हटलं."

त्यांचं म्हणणं असं, की आपणही बिलातच सर्व्हिस धरायची, रुपयाला दहा पैसे, आणि शनिवारी सगळ्यांत सारखी वाटायची. आचारी, भांडीवाल्या, सगळे आले. मग पंख्याखालचं टेबल कुणाचंही असो. त्यांनी एकेकाला विचारलं. ज्यांना टीप कमी मिळायची ते अर्थातच हो म्हणाले. नरसय्या खाली बघत होता. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "सगळ्यांला व्हय तर मला बी व्हय."

बोटवाल्यांना त्याच्या दुधाचं ठाऊक नव्हतं. नरसय्यानं सांगितलं नाही. आणि ती त्याची घरची गोष्ट, म्हणून मीही तोंड उघडलं नाही.

अण्णांना पटवायला वेळ लागला नाही.

"म्हंजे गिऱ्हाइकाकडनं घ्यायचं, माझ्या खिशातनं काय नाही?"

"तुमच्या खिशातलं काही नाही. तुम्ही फक्त बिलात धरायचं आणि आम्हाला द्यायचं."

"हे झकास हाय की," अण्णा म्हणाले.

नवीन बिलं छापून आली. तळाशी मजकूर होता: सर्व्हिस बिलात धरली आहे. कृपया वेगळी टीप देऊ नये. त्यातलं दुसरं वाक्य बोटवाल्यांनी आग्रहानं घालायला लावलं होतं. छापखान्यातून गठ्ठा आला तेव्हा त्यांनी एक बिल उजेडाकडे धरून ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं, हे खोटं नाही. शनिवारी अण्णा गल्ल्यावर बोलावून एकेकाच्या हातात द्यायचे. भांडी घासणाऱ्यांतली एक बाई पहिल्या शनिवारी पैसे घेऊन गेली आणि परत आली. चुकून दिले असतील असं तिला वाटलं. बोटवाले त्या दिवसांत वेगळेच दिसायचे. दुपारी मोकळ्या टेबलावर बसून आम्हाला काटा-चमचा कसा मांडायचा ते शिकवायचे, जरी आमच्याकडे काटे नव्हते. एकदा मला म्हणाले, "वैरागकर, आता आपण वेटर झालो. आधी आपण..." आणि पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

नरसय्याच्या हाती आता पूर्वीच्या निम्मंही पडत नव्हतं. त्यानं अंडी बंद केली, दूध चालू ठेवलं.

मग दुष्काळ आला. तो सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं वर्णन मी करत बसत नाही. आमच्यापुरतं म्हणजे गिऱ्हाईक रोडावलं, नळ कोरडे पडले आणि अण्णांना टँकर घ्यावा लागायला लागला. बोटवाल्यांनी टेबलावरचा हबका स्वतःहून बंद केला. एका शनिवारी अण्णांनी कुणालाच बोलावलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. बोटवाले गल्ल्यापाशी गेले, आम्ही मागे उभे.

"अण्णा, पोरांची सर्व्हिस राहिली."

"ती टँकरला गेली."

"ती गिऱ्हाइकानं आमच्यासाठी दिलेली असते."

"गिऱ्हाईक कशाबद्दल देतंय? सर्व्हिसबद्दल," अण्णा शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "गिऱ्हाइकाला पाणी पाजणं सर्व्हिस न्हवं काय? पाणी कोण आणतंय? मी आणतोय. बाहेर बघा, माणसं खडी फोडायला चाललीत. तुमाला पगार हाय, दोन वेळचं जेवण हाय. आनि काय पायजे?"

बोटवाल्यांनी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी अण्णा म्हणाले, "बिल माझ्या हॉटेलचं हाय, बोटवाले. खाली तुमचं नाव छापलंय का?"

टीप परत सुरू होईल असं आम्हाला वाटत होतं, पण झाली नाही. सवय मोडली होती. नेहमीचं गिऱ्हाईक बिल भरायचं, खालच्या ओळीवर बोट ठेवायचं आणि बडीशेप तोंडात टाकून उठायचं. त्यांचंही काही चूक नव्हतं. त्यांनी दिलेच होते. बोटवाले टेबलाटेबलाशी वाकून सांगायला लागले, "साहेब, यातलं आम्हाला मिळत नाही." एक एजंट म्हणाला, "ते तुमचं आणि मालकाचं. मी दोनदा का देऊ?" दुसऱ्यानं सरळ जाऊन अण्णांना सांगितलं, की तुमचा माणूस जेवताना कटकट करतो.

वेटरांत कुजबुज सुरू झाली. ज्यांनी पडवीत आधी मान डोलावली होती तेच आता म्हणायला लागले, की या म्हाताऱ्यानं आपल्या तोंडचं काढलं. पंख्याखालच्या टेबलावरून शर्ट फाडणारा तर तोंडावर बोलला, "काय बे मामा, बोट बुडवली की आमची." पूर्वी ते अशा बोलण्याला काही ना काही उत्तर द्यायचे. त्या दिवशी नुसता कप पुसत राहिले.

एक दिवस नरसय्याच्या हातून ताटांची चवड पडली. तो ती उचलायलाही वाकला नाही. तसाच उभा राहिला. बोटवाल्यांनी मला बाजूला घेतलं.

"याला काय झालंय?"

तेव्हा मी सांगितलं. बायकोचा आजार, दूध, अंडी, सगळं. पैसे येतच नाहीत तर महिन्याभरापासून दूधही बंद आहे, हेही.

"पूर्वी त्याला टीप किती मिळायची?"

"आमच्या सगळ्यांची मिळून होईल तेवढी."

ते भिंतीला टेकले. "आणि पडवीत हो म्हणाला," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी बोटवाले हॉटेलच्या दारात, पायरीवर उभे राहिले. पांढरा कोट, सगळी बटणं लावलेली. उजवा हात पुढे, तळवा वर. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "आजाऱ्याच्या दुधासाठी, साहेब." आवाज त्यांचा नव्हता. मी ताटं घेऊन आत-बाहेर करत होतो आणि त्या हाताकडे माझ्यानं बघवत नव्हतं. बहुतेक लोक वळसा घालून जायचे. काहींना वाटलं गंमत आहे. एका व्यापाऱ्यानं, ज्याला ते पूर्वी हटकून "कशाबद्दल" विचारायचे, काही न बोलता नाणं टाकलं. बोटवाल्यांनीही काही विचारलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना नरसय्याच्या घरी घेऊन गेलो. माझ्या हातात दुधाचा गडू. गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट चाललेला. नरसय्या घरी नव्हता. बायको आत चटईवर भिंतीला पाठ लावून बसली होती. गालांची हाडं वर आलेली, पण डोळे चांगलेच जागे. दूध मी तिच्या उशाशी ठेवलं. बोटवाले उंबऱ्याबाहेरच थांबले.

"हेच का ते बोटवाले मामा?" तिनं मला विचारलं आणि मग त्यांनाच म्हणाली, "मामा, समुद्राचं पाणी खरंच खारट असतंय?"

"खारट असतं."

"सगळं?"

"सगळं, बाई."

"येवढं पाणी आनि प्यायला न्हाय," ती म्हणाली आणि हसली. हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबेना. बोटवाले पटकन आत गेले, कोपऱ्यातली परात उचलून तिच्यापुढे धरली, तिची पाठ धरून राहिले, मग परात मोरीत नेऊन धुतली. पाणी जपून वापरलं. सगळं ते इतक्या सफाईनं करत होते की मला ती बोटीवरची म्हातारी समोर दिसली. या बाईनं मात्र त्यांच्याकडे बघून हात जोडले.

असं काही दिवस चाललं. दुपारी पायरीवर हात, संध्याकाळी दूध. मग अण्णांनी त्यांना काढलं. हॉटेलच्या दारात माझाच माणूस भीक मागतोय, लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं, आणि लोक खरोखरच म्हणत होते. जिन्याखालची खोली त्याच दिवशी रिकामी करायला लावली. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. आम्ही वेटर आत ताटं लावत होतो. कुणी पायरीपर्यंत गेलं नाही. जो गेला असता त्याचीही नोकरी गेली असती, आणि तेव्हा नोकरी कुणाकडे होती. बोटवाल्यांनी कुणाची वाटही पाहिली नाही.

ते लगेच बार्शीला बहिणीकडे गेले नाहीत. स्टेशनवर हमाली करता येते का बघत होते, पण त्या वयात त्यांना कोण उभं करणार. तरी मिळेल तसं दूध आणायचे. नरसय्याची बायको मात्र खंगतच गेली. दूध उशिरा आलं होतं, की आधीपासून आलं असतं तरी हेच झालं असतं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. एका भर दुपारी ती गेली.

गल्लीत माणसं जमली तेव्हा बोटवाले कोटातच आले आणि लांब, मागाच्या एका बंद खोलीच्या दाराशी उभे राहिले. वेटर मंडळी त्यांच्याशी बोलली नाहीत. सगळं उरकल्यावर नरसय्या स्वतः त्यांच्याकडे गेला. मी जवळच होतो. मला वाटलं हा आता काहीतरी करेल. पण तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मामा, तुमी शहाणं माणूस," तो म्हणाला. "तुमी सगळ्यांचं चांगलं बघितलं. पन तुमी काय बोलला नसता तर माझं बरं चाललं होतं."

बोटवाल्यांनी मान हलवली, जसं एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेताना हलवायचे. "बरोबर आहे," म्हणाले. नरसय्या त्यांच्या पाया पडला आणि घरात गेला. महिन्याभरात तो भिवंडीला गेला, तिकडच्या यंत्रमागांवर.

आमच्या बिलांवरची ती ओळ तशीच राहिली. पाऊस झाला, टँकर बंद झाला, तरी राहिली. पुढं गावातल्या आणखी एक-दोन हॉटेलांनी ती आपल्या बिलांवर छापून घेतली.

वर्षा-दीड वर्षानं एका लग्नासाठी मी बार्शीला गेलो तेव्हा बोटवाल्यांच्या बहिणीचं घर शोधत गेलो. धान्याच्या बाजारामागं दोन खोल्या होत्या. बहीण म्हणाली, "बोलत न्हाईत वो कुणाशी. जेवा म्हटलं तर जेवत्यात, न्हाय म्हटलं तर न्हाय. आमचं काय चुकलं का विचारलं, तर ते बी सांगत न्हाईत. तुमी तरी बोलून बघा."

ते आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंगात साधं बंडी-धोतर. मी बाजूला बसलो, हॉटेलच्या चार गोष्टी सांगितल्या. कोण सोडून गेला, कोण नवीन आला. त्यांनी ऐकलं की नाही कळत नव्हतं. बहिणीनं चहा आणला, तो गार झाला. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी कूस न बदलता विचारलं, "वैरागकर, तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं, मामा?"

"नरसय्याच्या बायकोचं."

मी आठवायला लागलो. त्याच गल्लीत मी राहत होतो, रोज तिच्या दारावरून जात होतो. नरसय्या तिला हाक मारायचा ती तेलुगूत, 'अगं' म्हणावं तशी काहीतरी. नाव घेतलेलं कधी ऐकलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "विचारून कळवतो."

सोलापूरला परतल्यावर मी आधी त्या गल्लीत गेलो; तिथली माझी खोली मी केव्हाच सोडली होती. नरसय्याच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्याच्या भिवंडीचा पत्ता कुणाकडे नव्हता. समोरच्या घरात एक म्हातारी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. जुनी, गल्लीतल्या सगळ्या जन्ममरणांना हजर असलेली. तिला विचारलं. तिनं हात थांबवला, खूप वेळ विचार केला.

"चांगली होती पोरगी," ती म्हणाली. "आमी तिला नरसय्याची बायकोच म्हणायचो."